सिस्टर, तुमचं शिक्षण कुठं झालं?

मुलाला ताप आला की कुणाच्या दवाखान्यात जायचं, हे आपण चारचौघींना विचारून ठरवतो. डॉक्टर एमबीबीएस आहेत की एमडी, हाताला गुण आहे की नाही, फी किती घेतात, सगळी चौकशी करतो. पाटीवरची अक्षरं वाचून बघतो. पण मुलाच्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवून जी प्रत्यक्ष सुई टोचते, तिची चौकशी आपण कधी केली आहे का? अंगावर एप्रन दिसला की आपल्या लेखी ती ‘सिस्टर’! मग ती तीन वर्षं शिकून आलेली असो, की गेल्या सोमवारी कामाला लागलेली असो.

भगिनींनो, आज मला या सिस्टरबद्दलच लिहायचं आहे. तीही वॉर्डातल्या नव्हे, तर बाह्यरुग्ण विभागातल्या, म्हणजे आपण सगळ्या ज्याला ओपीडी म्हणतो तिथल्या. कारण साधं आहे. ऑपरेशन, अ‍ॅडमिट होणं हे आयुष्यात एकदोनदा. ओपीडीची पायरी मात्र आपण वर्षातून कितीदा तरी चढतो. सासूबाईंचं बीपी, यजमानांची शुगर, धाकट्याची लस, आणि सगळ्यांचं उरकल्यावर वेळ मिळालाच तर आपलं स्वतःचं ‘रक्त कमी आहे’ ते. तिथं डॉक्टरांची आणि आपली गाठ पडते दोनचार मिनिटं. पुढचं सगळं सिस्टरच्या हातात.

नऊ ते एक

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गावच्या सरकारी रुग्णालयात दोन सकाळी मी मुद्दाम जाऊन बसले. तिथल्या एक परिचारिका माझ्या ओळखीच्या. ‘नाव छापू नका बाई,’ म्हणाल्या, म्हणून आपण त्यांना सिस्टरबाईच म्हणू या.

नऊच्या आधीच केसपेपरची रांग दाराबाहेर गेली होती. सिस्टरबाई त्याआधी अर्धा तास आलेल्या. ट्रे लावणं, कापूस, चिकटपट्टी, सिरिंजा मोजून ठेवणं, लशींच्या डब्यातले बर्फाचे पॅक बघणं, सगळं हातासरशी चाललेलं. मग माणसं आत येऊ लागली.

एक आजी धापा टाकत आल्या आणि आल्या आल्या त्यांनी हात पुढे केला. सिस्टरबाई म्हणाल्या, “आजी, आधी पाच मिनिटं टेका.”

“अगं बाई, माझा नंबर जाईल ना!”

“नंबर माझ्याकडे आहे. बसा. पाठ टेकवा. आणि बोलू नका.”

बीपी बघण्याआधी माणसानं पाच मिनिटं शांत बसावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक होतं का? पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा बांधलेला हात छातीच्या पातळीवर, आणि अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू काही नको. पट्टा फुगत असताना गप्पा नकोत. चालत आलेल्या माणसाचं बीपी तसंच घेतलं तर आकडा चढाच लागतो, आणि चढ्या आकड्यावर गोळी वाढते. पाच मिनिटांनी आजींचं बीपी पाहिलं, ते औषधाला जुळलेलं निघालं. त्या पाच मिनिटांचं मोल कुठल्याच केसपेपरवर लिहिलं जात नाही.

दुपारी एकपर्यंत मी पाहिलं ते असं: जखमा धुऊन पट्ट्या बांधल्या, टाके काढले, इंजेक्शनं दिली, बाळांची वजनं केली, एका घाबरलेल्या पोरीला रक्त देताना हात धरला, आणि रांगेतून एका माणसाला उठवून थेट डॉक्टरांकडे नेलं, कारण त्याच्या कपाळावरचा घाम तिला बरा दिसला नाही. रांगेत कोण थांबू शकतो आणि कोण नाही, हे ओळखणं हाही तिच्या शिक्षणाचाच भाग आहे.

आणि हो, कचरा! आपल्या घरी ओला-सुका करताना आपण वैतागतो. इथं २०१६ च्या नियमांप्रमाणे चार रंग सांभाळावे लागतात. रक्तानं माखलेला कापूस, पट्ट्या पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या, सिरिंजचं प्लॅस्टिक लाल पिशवीत. सुया, पाती टोचणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्यात. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, कारण टोपण लावतानाच ती आपल्या बोटात घुसते. सिस्टरबाईंच्या टेबलावर सुई तोडायचं छोटं यंत्र होतं. इंजेक्शन दिलं की लगेच खट्कन सुई तुटलीच पाहिजे, हा त्यांचा शिरस्ता.

खरं औषध तिच्या तोंडात

डॉक्टर औषध लिहितात, पण ते घरात नीट घेतलं जातं की नाही, हे बरंचसं सिस्टर काय सांगते यावर अवलंबून असतं.

लोहाच्या गोळ्याच घ्या. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांमागे ५७ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या आपणच! गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून लोहाच्या १८० गोळ्या मिळतात. त्यातल्या किती पोटात जातात आणि किती फडताळात राहतात? एक सूनबाई सांगत होत्या, “गोळीनं शौचाला काळं होतं, म्हणून मी बंद केली.” सिस्टरबाईंनी शांतपणे सांगितलं, काळं होणारच, ते लोहामुळं; त्यात भिण्यासारखं काही नाही. गोळी जेवणानंतर घ्या, मळमळणार नाही. चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. लिंबाचं सरबत चालेल. कॅल्शियमची गोळी असेल तर ती वेगळ्या वेळेला. एवढ्या चार वाक्यांनी ती बाई पुन्हा गोळ्या घ्यायला तयार झाली.

इन्सुलिनचं पाहा. बाजारात ४० युनिटांच्या बाटल्या मिळतात आणि १०० युनिटांचंही इन्सुलिन असतं. पहिल्याची सिरिंज लाल टोपणाची, दुसऱ्याची नारिंगी. १०० चं इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजनं भरलं, तर डोस जातो अडीच पट! साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो. सिस्टरबाई प्रत्येक नव्या पेशंटची बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी ठेवून दाखवतात, “ह्याला हेच.” टोचायची जागा रोज थोडी बदला, बाटली फ्रीजमध्ये ठेवा पण बर्फाच्या कप्प्यात नको, हेही बजावतात.

लस टोचल्यावर त्या प्रत्येक आईला चार गोष्टी सांगतात: आज कोणती लस दिली, पुढची कधी, ताप किंवा गाठ आली तर काय करायचं, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचं. मग बाळाला घेऊन अर्धा तास तिथंच बसवतात. लशीच्या बाटलीवर एक छोटं वर्तुळ असतं आणि त्यात चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका आहे तोवर लस वापरता येते. दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन गडद झाला, तर लशीला उष्णता लागली असं समजून ती बाटली बाजूला टाकायची. गोवर-रुबेलाची लस एकदा कालवली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. म्हणून कालवल्याची वेळ बाटलीवर लिहायची. आहे की नाही आपल्या विरजणापेक्षा कडक शिस्त!

हे शिकावं लागतं

हे सारं निरीक्षणानं येत नाही, शिकावं लागतं. आपल्याकडे त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, म्हणजे एएनएम. दोन वर्षांचा अभ्यास, त्यातले शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष कामाचे. गावोगावच्या उपकेंद्रांतल्या आरोग्यसेविका याच. दुसरी जीएनएम, तीन वर्षांची. तिसरी बीएस्सी नर्सिंग, चार वर्षांची पदवी. शिकून झालं की महाराष्ट्रात मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवावं लागतं. त्यामागे १९६६ चा कायदा आहे, आणि देशपातळीवर १९४७ चा. त्या १९४७ च्या कायद्याच्या जागी आणण्यासाठी २०२३ साली संसदेनं नवा कायदा संमत केला आहे.

अमेरिकेतही अशीच सर्वांत खालची पायरी आहे, तिला तिथं परवानाधारक प्रॅक्टिकल नर्स म्हणतात. साधारण वर्षभराचं शिक्षण, मग परीक्षा, मग राज्याचा परवाना. डॉक्टरांच्या किंवा वरच्या नर्सच्या देखरेखीखाली ती क्लिनिकमध्ये बीपी घेते, इंजेक्शनं देते, ड्रेसिंग करते. परवान्याशिवाय कुणी स्वतःला तसं म्हणवून घेऊ शकत नाही. म्हणजे पायरी खालची असली, तरी ती पायरीच. तिथंही परीक्षा चुकत नाही.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी आहे. फक्त गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन ‘नोंदणी आहे का’ असं विचारणारं कुणी नाही.

“बाई, मला काहीच येत नाही हो”

माझी एक जुनी विद्यार्थिनी. बारावी कला शाखेतून पास झाली आणि घरची ओढाताण म्हणून एका खाजगी दवाखान्यात लागली. महिना पाच हजार. पहिला आठवडा केसपेपर लिहिले, झाडलोट केली, गोळ्या पुड्यांत बांधल्या. आठव्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या हातात सिरिंज दिली, “मी देतो तसं दे.” महिन्याभरात ती ताप, सर्दी, अंगदुखी, सगळ्यांना सुया देऊ लागली. शेजारीपाजारी तिला सिस्टर म्हणू लागले. तिच्या आईला कोण अभिमान!

एके दिवशी संध्याकाळी डॉक्टर घरी जेवायला गेलेले असताना तिनं एका बाईंना चिठ्ठीवरचं अँटिबायोटिक टोचलं. दोनच मिनिटांत त्या बाईंच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडल्यासारखा झाला. ही वारा घालतेय, पाणी पाजायला बघतेय. दैव बलवत्तर, डॉक्टर तेवढ्यात परतले, त्यांनी धावत जाऊन औषध दिलं आणि बाई वाचल्या. पण पोरीची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली ती रडतच. “बाई, सगळे मला सिस्टर म्हणतात. मला काहीच येत नाही हो.”

त्या मुलीला मी दोष देणार नाही. ती हुशार आहे, हात हलका आहे, कामाला मागं सरत नाही. पण इंजेक्शनाची अशी रिअ‍ॅक्शन आली तर पेशंटला आडवं झोपवून पाय उंच करायचे, त्यासाठी अ‍ॅड्रेनॅलिन जवळ भरून ठेवलेलं हवं, गुदमरणाऱ्याला पाणी पाजायचं नाही, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. कुल्ह्यावर टोचताना बाहेरचा वरचा भाग सोडून जरा आत-खाली सुई गेली तर पायाच्या मोठ्या नसेला इजा होते आणि पाऊल लुळं पडू शकतं, हेही नाही. स्वस्तात माणूस मिळतं म्हणून ज्यांनी तिला उभं केलं, जबाबदारी त्यांची. आणि थोडी आपलीही, कारण तिथं जाऊन “डॉक्टर, एक सुई मारूनच द्या” असा हट्ट धरणाऱ्या आपणच!

सुई म्हणजे खेळ नव्हे. २०१८ च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात, बांगरमऊ भागात, कित्येक गावकऱ्यांच्या रक्तात एचआयव्ही सापडला आणि सारा देश हादरला. एकच सुई अनेकांना टोचल्याचा आरोप ज्याच्यावर झाला, तो डॉक्टरही नव्हता.

आपण काय करायचं?

भांडायचं नाही. विचारायचं. भाजीवाल्याला ‘ताजी आहे का’ म्हणून विचारतो, तितक्याच सहजपणे.

पहिलं, “सिस्टर, तुमचं शिक्षण कुठं झालं?” जी शिकलेली आहे तिला राग येत नाही, उलट बरं वाटतं. सिस्टरबाईंना मी हाच प्रश्न केला, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं!”

दुसरं, सिरिंजचं पाकीट आपल्यासमोर फोडलं पाहिजे आणि सुई आपल्यासमोर तोडली पाहिजे.

तिसरं, “गोळीनं भागेल का?” असं डॉक्टरांना स्वतःहून विचारा. साध्या सर्दीपडशाला सुई लागत नाही, आणि ‘ताकदीच्या’ सलाईनमध्ये बहुधा मीठ-पाणी नाहीतर साखर-पाणीच असतं.

चौथं, कुणाला कोणतं औषध सोसत नाही ते कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा आणि सुई टोचण्याआधी सांगा. इंजेक्शन घेतल्यावर लगेच उठून चालू लागू नका, थोडा वेळ बसा.

पाचवं, सिस्टर काही समजावत असेल तर “हो हो” म्हणून मान हलवू नका. कळलं नाही तर पुन्हा विचारा. आणि तिच्याशी नीट बोला. रांग लांबली तर ती तिच्यामुळं नव्हे.

लेकीला पाठवायचं असेल तर

आता ज्यांच्या घरी बारावी झालेली मुलगी आहे, त्यांच्यासाठी चार शब्द. एएनएम आणि जीएनएम यांना बारावी कोणत्याही शाखेची चालते. जीएनएमला किमान ४० टक्के आणि इंग्रजी विषयात पास असणं लागतं. बीएस्सीला मात्र विज्ञान शाखा हवी. वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत, वरची मर्यादाही असते. नियम आणि प्रवेशाची पद्धत बदलत असते, म्हणून त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा. आणि सर्वांत महत्त्वाचं: गावात ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ अशा पाट्या दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. फी भरण्याआधी ती संस्था परिषदेच्या मान्यतेची आहे का, हे परिषदेच्या यादीत बघा. तिथं नाव नसेल तर पैसेही गेले आणि पोरीची वर्षंही.

काम सोपं नाही, हेही सांगून ठेवते. ओपीडीत रात्रपाळी नसते म्हणून ती संसाराला सोयीची वाटते, पण मोठ्या रुग्णालयांत ड्यूटी फिरती असते, वॉर्डाच्या पाळ्याही कराव्या लागतात. दिवसभर उभं राहून पाय भरून येतात. लोकांचं बोलणं ऐकावं लागतं. सुई टोचण्याचा धोका असतो, म्हणून कावीळ ‘बी’च्या लशीचे तिन्ही डोस आधीच घ्यायचे. पण शिक्षण आणि नोंदणी हातात असली, तर तिला ‘मी देतो तसं दे’ असं म्हणणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येतं. नवरा बदलून दुसऱ्या गावी गेला, तरी तिचं कसब तिच्याबरोबर जातं.

माझ्या त्या विद्यार्थिनीच्या वडिलांना पटत नव्हतं. “पोरगी होस्टेलात राहणार? परक्या माणसांची घाण काढणार? लोक काय म्हणतील?” १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि पुढं त्या संस्थेनं बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवलं, तेव्हाही लोक हेच म्हणत होते. शंभरावर वर्षं झाली, लोकांचं म्हणणं काही संपत नाही! शेवटी तिची आईच बोलली, “आत्ता बिनशिकता करतेय, तेव्हा लोक तिला सिस्टर म्हणतात. मग शिकून का करू नये?” आज ती पोरगी एएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या खेपेला दवाखान्यात गेलात की पाटीवरच्या पदव्या जरूर वाचा. पण सुई टोचणाऱ्या हातालाही एकदा विचारा, तो कुठं शिकला. दहाजणींनी विचारलं तर दवाखानेवाले कानाडोळा करतील. शंभरजणींनी विचारलं तर त्यांना शिकलेली सिस्टर ठेवावीच लागेल, आणि तिला शिकलेल्या माणसाचा पगारही द्यावा लागेल.